लोकरीची पुडी

दौंडच्या घाटावर गुरुवारी सकाळी काळ्या खडकावर पाठ ताठ करून जो माणूस बसलेला दिसतो, तो ज्योतिबा टेंगले. जाणाऱ्या-येणाऱ्यानं "काय आबा, लागलं का काही?" असं विचारलं तर तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. नुसती मान हलवतो. ती कुठल्या बाजूला हलली हे विचारणाऱ्यानं आपल्या समजुतीनं ठरवायचं. छत्तीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन म्हणून काढली त्यानं. तिथं झेंडी दाखवली की बोलणं संपलं.

आता गुरुवारच का? तर नोकरीत असताना त्याची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असायची. निवृत्त झाल्यावर सगळेच वार सुट्टीचे झाले, पण गुरुवारी गळ घेऊन भीमेवर जायचं हे काही बदललं नाही. उरलेल्या सहा दिवसांचं काय करायचं ते मात्र त्याला अजून कळलेलं नाही, आणि मला विचाराल तर खरी गोष्ट त्या सहा दिवसांचीच आहे.

ज्योतिबा मूळचा शिरूरकडचा, मेंढरांच्या घरातला. त्याचा बाप मेंढरं घेऊन घोड नदीच्या काठाकाठानं हिंडायचा. तळ पडला की पोरं नदीत गळ टाकायची. बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेला गोळा गळाला लावला, की पाण्यात पडल्या पडल्या विरघळून जायचा. मग बापानं एक युक्ती शिकवली. लोकरीचे चार तंतू पिठात मिसळायचे, दोन वरून गुंडाळायचे. गोळा तासभर गळाला धरून बसतो आणि मासा हिसका मारून पीठ पळवू शकत नाही. पुण्याहून मोठ्या पेट्या आणि रंगीत रबरी अळ्या घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींना ज्योतिबाची लोकर पाहून आधी हसू यायचं. दुपारपर्यंत ते हसू मावळायचं आणि कुणीतरी हळूच येऊन विचारायचं, "मामा, थोडी मिळेल का?" ज्योतिबा द्यायचा नाही. बाकी सगळं द्यायचा, अगदी पकडलेला मासासुद्धा, पण लोकर नाही.

कारण ती लोकर गिताबाईच्या हातची असायची.

गिताबाई ही त्याची बायको. गळ्यात तुळशीची माळ. मासा खाणं तर सोडाच, माशाचं कालवण शिजवायला ज्योतिबाला परसात वेगळी चूल मांडावी लागली होती, आणि त्या चुलीवरचं भांडं घरात आणायची सोय नव्हती. पण लोकर ती करून द्यायची. तिच्या भावाकडं शिरूरजवळ अजून पंधरावीस मेंढ्या आहेत. तिथली लोकर आणायची, धुवायची, त्यातली कुसळं एकेक करून वेचायची, मग बोटांनी पिंजून करंगळीएवढे पुंजके करायचे. शेजारणी तिला चिडवायच्या, "काय गं, गळ्यात माळ आन् हातात माशाचं आमिष?" त्यावर ती म्हणायची, "पीठ त्यांचं, मासं त्यांचं, पाप बी त्यांचं. माझी निस्ती लोकर."

चार वर्षांमागं मुलाला, सुदर्शनला, मुलगी झाली. तो रांजणगावच्या कारखान्यात, त्याची बायको सारिका शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स. दोघांच्या पाळ्या. गिताबाई सव्वा महिन्यासाठी म्हणून शिरूरला गेली. जाताना तिनं ज्योतिबासाठी पापडाचा डबा भरला, लोणच्यावर फडकं बांधलं आणि लोकरीचे पुंजके मोजून ठेवले, पाच गुरुवार पुरतील एवढे.

तो सव्वा महिना अजून चालू आहे.

यात कुणाची चूक म्हणावी? पोर लहान. सारिका चांगली, सासूला आईसारखं वागवणारी. सुदर्शननं बापालाही नेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ज्योतिबा अठरा दिवस राहिला. त्यातले बरेचसे त्यानं खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीशेजारी काढले. एकोणिसाव्या दिवशी दौंडच्या घराला वाळवी लागली असेल असं काहीतरी सांगून तो परत आला. वाळवी नव्हती. घरात काहीच नव्हतं.

दौंड आणि शिरूर यांच्यात अंतर ते किती? सकाळी निघालं तर जेवायला पोचता येतं. पण साठी उलटलेल्या माणसानं बायकोला "तुझ्याशिवाय करमत नाही, ये" असं म्हणायचं कसं? तेही नात दूध पिती असताना? आमच्याकडं म्हातारपणी असली गोष्ट मनात आणली तरी माणूस आपण होऊन इकडंतिकडं बघतो, कुणी ऐकलं तर नाही ना. रोज संध्याकाळी सारिकाच्या फोनवर बोलणं व्हायचं, पण ते सगळ्या घरासमोर. "जेवलासा का?" "जेवलो." "गोळी घेतली का?" "घेतली." मग प्रगती, म्हणजे नात, फोन ओढून घ्यायची आणि आबांना आपला दात दाखवायची. झालं बोलणं.

एक गोष्ट मात्र फक्त दोघांची होती. महिन्याच्या शेवटी पोपटच्या टेम्पोतून पुडी यायची. पोपट हा गिताबाईचा भाचा. तळेगाव ढमढेऱ्याचा आणि शिरूरचा भाजीपाला घेऊन तो दौंडच्या बाजारात येतो. बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात भरलेली लोकर, वरून लोकरीचाच दोरा आणि त्याची ती खास गाठ, जी दाढेनं ओढून सोडवावी लागते. ज्योतिबा पुडी घ्यायचा, पोपटला चहा पाजायचा, घरी यायचा, दार लावायचा आणि मग ती पुडी नाकाशी धरायचा. मेंढरांचा वास, नदीचा वास, आणि त्यात कुठंतरी गिताबाईच्या हाताला लावायच्या खोबरेल तेलाचा वास. हे मी तुम्हाला सांगतो आहे. त्यानं कुणाला सांगितलेलं नाही.

तर अशा या माणसाच्या वाटेत गणपतीनंतर एक पाटी आली.

नदीचा तेवढा पट्टा मच्छीमारांच्या एका संस्थेकडं आहे. गळवाल्यांची गर्दी फार झाली म्हणून संस्थेनं पास काढले आणि घाटावर निळी पाटी लावली. पाटीवर नऊ नियम. पहिला पासचा, दुसरा वेळेचा, असे करत करत सहावा नियम: 'जिवंत मासा, बेडूक, मांस अथवा प्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग आमिष म्हणून वापरण्यास सक्त मनाई आहे.' नियमाला कारणही होतं. कुणीतरी बाहेरची जिवंत मासळी आणून गळाला लावायचं, ती सुटून नदीत वाढायची. कुणी कोंबडीची आतडी आणून उरलेली घाटावरच टाकून जायचं, तिथं कुत्र्यांची जत्रा भरायची. नियम वाचून ज्योतिबानं मान हलवली, आणि यावेळी ती स्पष्ट होकाराची होती. बरं झालं, असं त्याला वाटलं.

पास तपासायला विनोद नावाचा चाळिशीचा रखवालदार नेमला होता. दुसऱ्याच गुरुवारी त्यानं ज्योतिबाच्या डब्यात डोकावून पाहिलं.

"आबा, ही लोकर कशाला?"

"गोळ्याला."

"म्हंजी आमिषातच की. मेंढी प्राणी हाय ना? मग हा प्राण्याचा भाग झाला."

ज्योतिबा हसला. विनोद हसला नाही. "मला वरनं सांगितलंय तसं मी करणार. पुढच्या गुरुवारी दिसली तर पास काढून घ्यावा लागंल. कापूस लावा की. कापसाला कोण काय म्हणतंय?"

कापूस लावा. केवढी सोपी गोष्ट! पुढच्या महिन्याभरात हे वाक्य ज्योतिबानं निदान वीस जणांकडून ऐकलं, आणि वीसही वेळा कानाआड केलं. कापूस तर वाण्याकडं मिळतो. कापूस लावला की गिताबाईला कळणार, लोकरीची गरज उरली नाही. ती काही उगाच पुड्या पाठवत बसणारी बाई नव्हती. पुडी बंद झाली असती. मग उरलं असतं फक्त "जेवलासा का?" आणि "जेवलो."

म्हणून ज्योतिबा नियम समजून घ्यायला निघाला.

संस्थेचं कार्यालय बाजाराच्या मागं, एका गाळ्यात. सचिव रोहिदास, स्वभावानं चांगला, पण कागदाशिवाय त्याला काही समजत नसे. ज्योतिबानं टेबलावर लोकरीचा पुंजका ठेवला. "सायेब, ह्यो प्राण्याचा भाग हाय का न्हाई, तेवढं सांगा."

रोहिदासनं पुंजका उचलून पाहिला, वास घेतला, परत ठेवला. "आहे की. मेंढीच्या अंगावरचीच ना?"

"अंगावर हुती तवा हुती. आता कातरली. न्हाव्यानं तुमचं क्यास कापलं, खाली पडलं. ते तुमचा भाग हाय का? न्हावी झाडून टाकतो तवा तुमाला झाडतो का?"

बाकावर बसलेले दोघं हसले. रोहिदासनं नकळत डोक्यावरून हात फिरवला, तिथं भाग फारसा उरला नव्हता. तो म्हणाला, "मग मेंढीची कातडी पण काढल्यावर मेंढीची नाही म्हणाल तुम्ही."

"कातडी काढली की मेंढी मरती. लोकर काढली की उड्या मारती. मी मेंढरातला माणूस हाय सायेब, मला शिकवू नका."

"लेखी द्या," रोहिदास म्हणाला. त्याचा नाइलाज झाला की तो हेच म्हणत असे.

ज्योतिबानं लेखी दिलं. तहसीलसमोरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडं बसून एक पान भरून अर्ज लिहवून घेतला, विषय: नियम क्रमांक सहामधील 'भाग' या शब्दात लोकर मोडते किंवा कसे. अर्ज लिहिणाऱ्यानं तीसेक वर्षांत जमिनीचे, रेशनचे, दाखल्यांचे सगळे अर्ज लिहिले होते, पण हा त्यानं दोनदा वाचून पाहिला आणि विचारलं, "आबा, कापूस का नाही लावत?"

"कापूस भिजला की बसतो," ज्योतिबा म्हणाला. "लोकर फुलून ऱ्हाती." आणि खोटं बोलत नसतानाही खोटं बोलल्यासारखा त्याचा चेहरा उतरला.

उत्तर येईपर्यंत तो गळ घरीच ठेवून नदीवर जायचा आणि नुसता बसायचा. फोनवर गिताबाई विचारायची, "लोकर पुरती का?" तो म्हणायचा, "पुरती की."

दिवाळीच्या आधी संस्थेची बैठक झाली आणि त्याला बोलावणं आलं. अध्यक्ष होत्या सरूबाई. भोई घरातल्या, पासष्टीच्या पुढच्या, आयुष्य नदीत गेलेलं. हाताची बोटं जाळ्याच्या दोरीनं कापून कापून घट्ट झालेली. त्यांनी सगळा अर्ज वाचायला लावला, मध्ये कुणाला हसू दिलं नाही, आणि मग विचारलं, "भाऊ, तळाला गळ अडकला तर काय करता?"

"वढून बघतो. न्हाई निघाला तर दोरी तोडतो."

"आन् गोळा?"

"ऱ्हातो तिथंच. पीठ मासं खात्यात."

"लोकर?"

ज्योतिबानं टेबलावर ठेवलेला लोकरीचा पुंजका जवळ ओढला.

"खरं सांगा," सरूबाई म्हणाल्या. "तुमी मेंढरातलं. लोकर किती वर्सं टिकती?"

आता इथं खोटं बोलता आलं असतं. लवकर सडते, असं म्हणाला असता तर त्या खोलीत त्याला खोडून काढणारं कुणी नव्हतं. पण मेंढपाळाच्या पोरानं लोकरीला नावं ठेवायची? त्याच्या तोंडून आपोआप गेलं, "लई टिकती. माझ्या आज्याचं घोंगडं अजून घरात हाय."

"झालं तर मग," सरूबाई म्हणाल्या. "कापूस चार पावसात सडून जातो. लोकर तळाला तशीच ऱ्हाती, गळासकट. हिवाळ्यात पाखरं येत्यात, चिखल उकरत्यात. पायाला गुंता बसला की सुटत न्हाई. मी सोडवल्यात ना या हातानं. सहावा नियम लिवला तवा लोकर कुणाच्या ध्यानात बी न्हवती. ती प्राण्याचा भाग हाय का न्हाई, ते मला ठावं न्हाई. पर पाण्यात नको."

ज्योतिबाला घोड नदीचा काठ आठवला. दहा-अकरा वर्षांचा असताना त्यानं एक टिटवी पाहिली होती, एका पायावर उडू बघणारी, दुसऱ्या पायाला काळ्या लोकरीचा गुंता. बाप म्हणाला होता, आपल्याच कुणाचीतरी आहे. इतकी वर्षं ती टिटवी कुठं जाऊन बसली होती कोण जाणे. महिनाभर तो 'भाग' या एका शब्दाशी भांडत होता. नियम कशासाठी आहे हे या बाईनं चार वाक्यांत सांगितलं आणि ते खरं होतं. खऱ्यापुढं त्याचं काही चालेना.

"पटलं," तो म्हणाला.

ठराव लिहिला गेला: लोकर नाही, कापूस चालेल. ज्योतिबानं सही केली आणि पुंजका उचलून खिशात ठेवला. ज्या हळुवारपणे त्यानं तो उचलला, ते सरूबाईंनी पाहिलं. दारापर्यंत त्या मागं आल्या.

"लोकर कोण करून देतं, भाऊ?"

"मंडळी."

"कुठं असत्यात?"

"शिरूरला. लेकाकडं. नात हाय ल्हान."

"कवाधरनं?"

"चौथं वरीस लागलं."

सरूबाईंनी त्याच्या खिशाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "लोकर पाण्यात टाकू नका, एवढंच लिवलंय आमी. घरात ठेवू नका असं न्हाई लिवलं."

ज्योतिबानं घरात ठेवली. त्या महिन्याची पुडी आली, ती त्यानं न सोडता पिठाच्या पत्र्याच्या डब्यात, पीठ दुसरीकडं काढून, ठेवली. पुढच्या महिन्याची तिच्यावर ठेवली. गुरुवारी तो नदीवर जायचा आणि वाण्याचा कापूस लावलेला गोळा टाकायचा. खरं सांगायचं तर कापसालाही मासे लागत होते. एकदा तर चांगला दोन हातभर कटला लागला आणि शेजारचा गळवाला ओरडला, पण ज्योतिबाला त्याचा आनंद म्हणून झाला नाही. उलट राग आला. कापसाला मासा लागावा ही त्याला माशाची फितुरी वाटली.

फोनवर गिताबाई विचारायची, "लागत्यात का मासं?"

"लागत्यात."

"लोकर चांगली हाय न्हवं? ह्या खेपंला जरा राठ निघाली."

"चांगली हाय. मऊ हाय."

चार महिने असे गेले, पाचवाही गेला. डब्यातल्या पुड्या सहा झाल्या. कधी दुपारी करमेनासं झालं की तो डब्याचं झाकण उघडायचा, वास घ्यायचा आणि परत लावायचा. त्यालाही हे जरा लाजिरवाणंच वाटायचं. पण घरात बघायला होतं कोण?

शिमग्याच्या पुढच्या आठवड्यात बँकेनं दोघांचे अंगठे नव्यानं मागितले, म्हणून गिताबाई एका दिवसासाठी दौंडला आली. पोपटच्या टेम्पोतून सकाळी आली, संध्याकाळी त्याच्याबरोबरच परत जायचं होतं. ती येणार म्हणून ज्योतिबानं दोन दिवस आधी घर सारवल्यासारखं पुसून काढलं, नवा सदरा घातला, परत काढला, जुनाच घातला. उगाच काहीतरी दिसायला नको.

बँकेतलं काम तासाभरात झालं. घरी आल्यावर तिनं पदर खोचला आणि दोन भाकरी टाकते म्हणाली. ज्योतिबा ओट्याशी येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांनी या घरात तिच्या बांगड्यांचा आवाज होत होता, आणि तो ऐकण्यात पीठ आता कुठल्या डब्यात आहे हे सांगायचं त्याचं राहून गेलं. तिनं आपल्या जुन्या सवयीनं पत्र्याचा डबा उघडला.

आत सहा पुड्या. सहाही गाठी तिच्या हातच्या, जशाच्या तशा.

ती बराच वेळ डब्यात बघत राहिली. मग तिनं एक पुडी हातात घेतली, तव्याखालचा गॅस बंद केला आणि खाली बसली. ज्योतिबालाही बसावं लागलं. त्यानं सगळं सांगितलं. पाटी, सहावा नियम, रोहिदास, अर्ज, सरूबाई, टिटवी. कधी नव्हे ते तो इतका बोलला की त्याच्या घशाला कोरड पडली.

"मला ठावं हुतं," गिताबाई म्हणाली.

"काय?"

"पोपट बोलला दिवाळीतच. आत्या, आबांचा नदीवर कापूस चाललाय, लोकरीला बंदी झाली म्हनं."

ज्योतिबा तिच्याकडं बघतच राहिला. "मग पाठवत का ऱ्हायलीस?"

"तुमी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू पाठवायची बंद केली असतीस."

"मग?" ती म्हणाली. "मी बी त्याच्यासाठीच पाठवत ऱ्हायले. बंद केली असती तर माझ्याकडनं तुमास्नी काय येनार हुतं? फोनवर तर सगळी बसलेली असत्यात."

आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, लपवलंही नाही. ज्योतिबानं आयुष्यात पहिल्यांदा इकडंतिकडं न बघता सांगून टाकलं, "मला मासं नको हुतं गं. ती पुडी पायजे हुती. लई आठवण येती तुझी."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. मग वातावरण हलकं करावं म्हणून की काय, किंवा खरंच महिनाभर डोक्यात घोळलेला प्रश्न विचारायचा राहिला होता म्हणून, त्यानं विचारलं, "त्या सचिवाला काय सांगता आलं न्हाई. तूच सांग. कातरल्यावर लोकर मेंढीची ऱ्हाती का?"

गिताबाईनं हातातली पुडी बोटांनी दाबली.

"लोकर न्हाई ऱ्हात," ती म्हणाली. "पर मेंढीला थंडी वाजतीच की."

चार वाजता टेम्पोचा हॉर्न वाजला. प्रगती तिच्याशिवाय झोपत नव्हती आणि सारिकाला दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी होती. राहा, असं ज्योतिबा म्हणाला नाही. त्याला ठाऊक होतं की म्हटलं तर तिला दोन्हीकडून ओढ बसेल. जाताना तिनं सहाही पुड्या पिशवीत भरल्या. त्यानं पिशवीवर हात ठेवला. "ह्या नेतीस?"

"पडून कसर लागंल," एवढंच ती म्हणाली.

त्या महिन्याच्या शेवटी पुडी आली नाही. पोपट रिकाम्या हातानं चहा पिऊन गेला. पुढच्याही महिन्यात आली नाही. फोनवर त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. डबा त्यानं पिठाला लावला. त्या दोन महिन्यांत तो नदीवर फक्त तीन गुरुवार गेला, आणि घाटावरच्या लोकांनी त्याला बरं नाही असं धरून चालायला सुरुवात केली.

तिसऱ्या महिन्यात पोपटनं टेम्पोतून एक गाठोडं काढलं. मोठं, जुन्या लुगड्यात बांधलेलं. वर तीच गाठ. ज्योतिबानं दार लावून दाढेनं गाठ सोडवली.

आत बसकर होतं, बसायला अंथरायचं. त्या सहा पुड्यांच्या लोकरीत माहेरच्या मेंढरांची आणखी लोकर घालून, भिजवून, लाटून, तुडवून केलेलं, काळं, जाड, कडेला पांढरी पट्टी. खडकावर नेमकं बसेल एवढं. आणि त्याच्या खाली अगदी तसंच दुसरं.

संध्याकाळी फोन आला. सारिकाचा आवाज, सुदर्शनचा खोकला, प्रगतीची गडबड, सगळं ऐकू येत होतं.

"पोचलं का?" गिताबाईनं विचारलं.

"पोचलं. पर दोन का?"

ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "एक वलं झालं तर दुसरं असावं म्हणून."

"बरं," ज्योतिबा म्हणाला.

पुढच्या गुरुवारी तो भल्या पहाटे घाटावर गेला. खडक झाडला. एक बसकर अंथरलं, त्याच्या शेजारी दुसरं. वाऱ्यानं दुसऱ्याचा कोपरा उडू लागला तेव्हा त्यावर एक गोल दगड ठेवला. मग आपल्या बसकरावर बसून कापूस लावलेला गोळा पाण्यात सोडला.

नऊच्या सुमाराला विनोद आला. पास पाहिला, डबा पाहिला, कापूस पाहिला. दुसऱ्या बसकराकडं बघून थांबला.

"आबा, हे कुणाचं?"

"यायचं हाय."

"एका पासावर एकच माणूस बसायचा. चौथा नियम हाय."

"माणूस कुठं बसलंय? निस्ती जागा धरलीया," ज्योतिबा म्हणाला. "जागा धरायला मनाई हाय का? बघ पाटीवर."

विनोद खरंच पाटीपाशी गेला. कमरेवर हात ठेवून पहिल्यापासून नवव्यापर्यंत सगळे नियम ओठ हलवत वाचले, मग सहावा पुन्हा एकदा वाचला आणि परत आला.

"तसलं काय लिवलेलं न्हाई," तो म्हणाला.

"मग ऱ्हाऊ दे," ज्योतिबा म्हणाला, आणि सरकलेला दगड त्यानं पुन्हा नीट ठेवला.